दोन आठवड्यांचा खोकला आणि सहा आठवड्यांची सूज

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन, आणि त्यानिमित्त गावोगाव भरलेल्या शिबिरांपैकी एका शिबिराची हकीकत बार्शीकडच्या एका वाचक भगिनींनी मला पत्राने कळविली आहे. श्रावणापासून त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सुजतात, पहाटे मूठ वळत नाही, कणीक मळताना मनगटातून कळ येते, आणि कासाराकडे गेल्या असता नेहमीच्या मापाची बांगडी हातात चढेना, तेव्हा हा केवळ कामाचा शीण नाही अशी त्यांची खात्री झाली. प्रथम त्यांना हा पावसाळी तापाचा शेष म्हणून सांगण्यात आले, मग वयाचा परिणाम म्हणून, मग कॅल्शियमची कमतरता म्हणून. आणि शिबिरात रक्ताची एक तपासणी करून, तीत आमवाताची खूण समजला जाणारा ‘आर. ए. फॅक्टर’ आढळला नाही एवढ्या एकाच पुराव्यावर, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून, गोळ्यांचे पाकीट हाती देऊन त्यांची बोळवण करण्यात आली. पत्र वाचून मी संतापलो, आणि तो संताप आवरावा असे मला वाटत नाही. माझ्या स्वतःच्या हातांच्या दुखण्याचा मुकदमाही निदानावाचून अद्याप तहकूब आहे हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. त्याची कैफियत मी पुन्हा मांडीत नाही.

पहिल्या डॉक्टरांचा पावसाळी तापाचा तर्क निराधार होता असे मी म्हणणार नाही. चिकुनगुन्या बार्शीला जुना परिचित आहे. १९७३ साली त्याच गावात त्याची साथ उद्भवली होती, पुढे तीन दशके तो देशातून जवळजवळ नाहीसा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा येऊन महाराष्ट्रभर पसरला. त्याचा ताप आठवडाभरात उतरला तरी सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात, आणि ते दुखणे आमवाताशी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी, इतके साधर्म्य राखते की अनुभवी चिकित्सकालाही काही काळ निर्णय राखून ठेवावा लागतो. निर्णय राखून ठेवणे हा वैद्यकाचा अधिकार आहे, पुष्कळदा कर्तव्यही आहे. परंतु राखून ठेवलेल्या निर्णयाला पुढची तारीख द्यावी लागते. दिवाणी अदालतीतला शिरस्तेदारही पक्षकाराला तारखेवाचून माघारी धाडीत नाही. या भगिनींना तारीख मिळाली नाही, कोणाच्या नावे चिठ्ठी मिळाली नाही, आपण कशाची वाट पाहावयाची हेही कोणी सांगितले नाही. अनिर्णीत प्रकरणावर ‘निकाली’ असा शेरा मारण्यात आला. माझा आक्षेप त्या शेऱ्याला आहे.

त्यांचे सांधे सुजण्याऐवजी त्यांना खोकला जडला असता तर काय घडले असते, हा विचार केल्यावाचून मला राहवत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, ही सूचना सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर इतकी वर्षे रंगविलेली आहे की अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही ती पाठ असते. पूर्वी ती मुदत तीन आठवड्यांची होती, पुढे ती दोनवर आणण्यात आली. मुदत उलटली की आशाताई दाराशी येऊन विचारपूस करते, थुंकीची डबी मिळते, नमुना विनामूल्य तपासला जातो. क्षय ठरल्यास रुग्णाचे नाव ‘निक्षय’च्या दप्तरी चढते, औषधे मोफत मिळतात, पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये त्याच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद आहे, आणि २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही असा रुग्ण सरकारला कळविणे बंधनकारक आहे. या व्यवस्थेतील उणिवांवर मी याच जागी अनेकदा लिहिले आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तरीही तिने एक मोठी गोष्ट साध्य केली आहे: रोगाचे नाव ठरण्यापूर्वीच्या माणसाला तिने दर्जा दिला. तो संशयित असला तरी त्याला आत येण्याचा दरवाजा आहे, त्याच्यासाठी मुदत आहे, आणि कोणाच्या तरी वहीत त्याची नोंद आहे.

हा दर्जा आपोआप मिळालेला नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत केलेली एक पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. खेडूत अज्ञानी असतो, आपल्या रोगाची त्याला जाणीवच नसते, सबब त्याला शोधीत आपण घरोघर हिंडले पाहिजे, अशी तोवर शहाण्यासुरत्या लोकांचीही समजूत होती. पाहणीत आढळले ते असे, की बहुसंख्य क्षयरोग्यांना आपल्या लक्षणांची पुरती जाणीव होती आणि त्यांपैकी सुमारे निम्मे तर आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठविले होते. रोग्याने आपले काम केले होते, दवाखान्याने केले नव्हते. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच ज्ञानावर झाली: जो आपण होऊन खोकत आला आहे त्याला बाटली देऊन वाटेला लावू नका, त्याची थुंकी तपासा. सांध्यांच्या बाबतीत आपण आज नेमके त्या बाटलीच्या काळात आहोत. बार्शीच्या भगिनी तीन दवाखाने आणि एक शिबिर हिंडल्या; लक्षणांचे भान त्यांना होते, दाद मागण्याची तयारीही होती. त्यांना बाटलीऐवजी वेदनाशामक गोळी मिळाली, एवढाच काय तो साठ वर्षांतला फरक.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली जगाला दाखविला. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला की वाद मिटतो. आमवाताला असा एकमेव साक्षीदार नाही. त्याचा निर्णय परिस्थितिजन्य पुराव्यांच्या बेरजेवर होतो, आणि म्हणून तेथे नियम बांधता येत नाही, असे म्हणतात. परंतु बेरजेचा नियम तर बांधला गेलेला आहे! अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० साली मिळून ठरविलेल्या निकषांत दहापैकी सहा गुण झाले की तो आमवात मानावा असे म्हटले आहे. त्यात, दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडा होत नसेल तर, दहांहून अधिक सांधे धरलेले असून त्यांतला एक तरी लहान असल्यास पाच गुण आहेत आणि त्रास सहा आठवडे टिकला असल्यास एक. म्हणजे रक्तात काहीही न सापडता, केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून, सहा गुण भरू शकतात. आमवाताच्या रोग्यांपैकी साधारण पाचांत एकाच्या रक्तात तो फॅक्टर सापडत नाही, आणि निरोगी वृद्धांत किंवा खुद्द क्षयरोग्यांतही तो कधीकधी सापडतो. रक्ततपासणी नकारार्थी आली तरीही सुजलेल्या लहान सांध्यांचा रोगी तातडीने तज्ज्ञाकडे धाडावा, असे इंग्लंडच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. त्या शिबिरात भगिनींचा हात हातात घेऊन बोटांची मुळे कोणी हलकेच दाबून पाहिली असती, तर त्या कागदापेक्षा अधिक कळले असते.

मग ही हयगय का? माझे उत्तर कठोर वाटेल, पण ते मी पूर्ण विचारांती देतो. क्षय शेजाऱ्याला लागतो, म्हणून शेजाऱ्याला त्याची चिंता आहे. सांधेदुखी कोणालाही लागत नाही. शिवाय आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि बाईच्या हातांचे दुखणे हे तिच्या कामाचाच भाग समजण्याची आपल्या घरांना सवय आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गावातील चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हा शेकडा १८ लोक सांध्यांच्या वा स्नायूंच्या दुखण्याने ग्रासलेले आढळले. आमवात त्यांतला थोडका, दोनशे माणसांत एखादा. एवढ्या गर्दीतून तो एक वेळीच निवडावयाचा, हीच तर निकड आहे, कारण सांध्यांतील हाडाची झीज पुष्कळांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेली झीज भरून येत नाही. सूज आल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाची गाठ पडावी आणि तीन महिन्यांच्या आत मूळ रोगावरचे औषध सुरू व्हावे, अशी युरोपच्या संधिवाततज्ज्ञांची शिफारस आहे. आपल्याकडे तज्ज्ञ थोडे आणि तेही मोठ्या शहरांत; म्हणूनच त्यांच्यापर्यंत कोणी, केव्हा आणि कोणत्या चिठ्ठीने जावयाचे याचा नियम आपल्याला अधिक लागतो.

नियम नसल्यामुळे मधल्या काळात जे शिरते ते, म्हणजे बेहिशेबी स्टेरॉइड, भयंकर आहे. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्णेला प्रथम कॉर्टिझोन दिले, अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली, आणि १९५० साली हेंच आणि त्यांचे सहसंशोधक नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. ते औषध रोग बरा करीत नाही आणि बेहिशेबी घेतल्यास हाडे, डोळे व रक्तातील साखर बिघडविते, हेही जगाने लवकरच पाहिले. त्याच जातीची स्टेरॉइडे आज तज्ज्ञ मोजूनमापून, ठराविक मुदतीसाठी देतात. पण बाजारात ती चिठ्ठीवाचून मिळतात, आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या बेनामी चूर्णांत मिसळलेलीही सापडली आहेत. सूज ओसरते, पुरावा पुसला जातो, आणि खरा तज्ज्ञ भेटतो तेव्हा त्याच्यापुढे वाचावयास काहीच उरत नाही.

येथे मी माझ्या जुन्या विषयावर येतो, आणि वाचकांनी तो सहन करावा. आपली निम्मी दिरंगाई न लिहिण्यातून उद्भवते, असे माझे ठाम मत आहे. ज्या पुण्याच्या पेशवे दप्तरातून इतिहासकार सरदेसाईंना निवडक कागदांचेच ४५ खंड काढता आले, ज्या राज्यात घोड्याच्या चंदीचा आणि पागेच्या खर्चाचाही जमाखर्च राखला जात असे, त्याच मुलखात आज रुग्ण दर खेपेस नवा केसपेपर काढतो आणि मागची सारी हकीकत तोंडी सांगतो. भगिनींच्या हातात चार ठिकाणचे चार कागद होते. कोणते सांधे, किती दिवस, सकाळचा ताठरपणा किती वेळ, यांपैकी एकही गोष्ट एकावरही लिहिलेली नव्हती. या चार ओळी पहिल्याच दवाखान्यात लिहिल्या गेल्या असत्या, तर दुसऱ्याला पुन्हा वयापासून आरंभ करावा लागला नसता, अशी माझी श्रद्धा आहे.

तेव्हा सरकार लिहीपर्यंत आपण लिहावे. रोज सकाळी ताठरपणा किती वेळ टिकला, कोणते सांधे सुजले, ताप आला काय, अंगावर खवले धरणारे चट्टे, डोळ्यांची लाली किंवा पाठीचा पहाटेचा जखडलेपणा आहे काय, कोणती गोळी किती घेतली, हे तारखेनिशी वहीत टिपावे. सूज असेल त्या दिवशी हाताचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण भेटीच्या दिवशी ती नेमकी उतरलेली असते. पहाटे कोमट पाण्यात हात शेकावेत, कळशी बोटांनी न उचलता कोपराशी आणि अंगाशी धरावी, पिळण्याची व दळण्याची कामे घरातल्या इतरांनी उचलावीत. पूर्ण विश्रांतीने सांधे आखडतात, म्हणून दुखणे वाढणार नाही इतपत हालचाल चालू ठेवावी. दोन निरनिराळ्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा जठरव्रणाचा इतिहास असल्यास एकही डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. आणि एकच सांधा अकस्मात लाल, ऊन व टणक झाला आणि सोबत ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यात एक रात्रही दवडू नये.

बार्शीच्या भगिनींना माझी विनंती आहे की, ती वही घेऊन त्यांनी सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात जावे, आपली सूज हात पुढे करून दाखवावी, आणि निदान ठरत नसेल तर ‘अद्याप ठरले नाही, अमुक तारखेस पुन्हा पाहणे’ एवढे वाक्य लिहून मागावे. घरच्या मंडळींना माझे सांगणे आहे की, रोगाला नाव मिळेपर्यंत दुखणे खोटे मानण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि आरोग्य खात्याकडे मागणी एकच: खोकल्याच्या सूचनेशेजारी, त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुसरी सूचना लिहावी, की हातापायांचे सांधे सहा आठवडे सुजलेले असतील, किंवा सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर येथे नाव नोंदवा आणि तज्ज्ञाकडची चिठ्ठी घेऊन जा. तिला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक परिपत्रक आणि एक नोंदवही पुरेशी आहे, आणि ती दोन्ही या सरकारजवळ आहेत.

— दप्तरदार