दोघंच जायचं?

आपल्या घरांत फिरायला जाणं म्हणजे सगळ्यांनी जाणं. दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं प्रदर्शन असो, नाही तर सिद्धेश्वर धरण. ऑटो भरूनच निघतो. त्यात मजा आहेच. पण नवरा-बायको दोघंच निघाले, की उंबऱ्यावरच प्रश्न येतो, "दोघंच?"

आम्हालाही तो आला. तरी अम्मींना सांगून आम्ही रविवारी असरनंतर कयाधूच्या पुलाकडे चालत जाऊ लागलो. येताना दहा-दहा रुपयांचे शेंगदाणे. घरात "दूध आणलं का, फी भरली का" एवढंच बोलणारे आम्ही त्या वाटेवर एकमेकांची तब्येत विचारू लागलो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. सोबतीने हसणं-खेळणं हाही संसाराचाच भाग आहे.

म्हणून घरातल्या मोठ्यांना विनंती: मुलगा-सून निघाले, की "सावकाश या" म्हणा, तासभर नातवंडं सांभाळा. आणि मुलांनो, अम्मी-अब्बांनाही कधी दोघंच पाठवा. त्यांना तर आजवर कुणी विचारलंच नाही.