कुत्र्याची जात विचारणाऱ्यांनो

दोस्तहो, कुत्र्यावर लिहितोय म्हणून पान उलटू नका. ज्या देशात माणसाची जात कळल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढं येत नव्हता, त्या देशात कुत्र्याचीही जात विचारतात. आणि आता ती आपलीच पोरं विचारायला लागलीत. म्हणून लिहितोय.

गोदीतल्या दोन पाळ्या बुडवून परवा पणदऱ्याला गेलो होतो. बारामती तालुक्यातलं आमचं गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, जिकडं बघावं तिकडं ऊस, शेजारी माळेगावचा साखर कारखाना, आता एमआयडीसी. ऊस ज्यांचा त्यांचा. आमचा धाकटा चुलतभाऊ एमआयडीसीत ठेकेदाराकडं रोजावर. त्याच्याकडं एक कारवान कुत्री आहे. लांब तोंडाची, पोट पाठीला टेकलेली, सुटली की डोळ्यानं धरता येत नाही अशी. दोन वर्षांची. दोन महिन्यांमागं माजावर येऊन गेली.

भाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या माजाला जोड लावतो. सहा पिल्लं धर. कागदवाल्या कुत्र्याची असली तर एकेकाचे सात-आठ हजार. तू गोदीत दोन महिने पोती उचलून एवढं आणतो का?"

मी काय बोलणार? खरंच आणत नाही.

पण नंतर चुलतीनं जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. भाऊ नराच्या चौकशीला शेजारच्या गावात एका बागायतदाराकडं गेला होता. त्याचा कुत्रा व्हरांड्यात, फरशीवर, पंख्याखाली. आमचा भाऊ फाटकाच्या बाहेर. मालकानं फाटकातूनच विचारलं : कुत्री कुणाची, आई कोण, बाप कोण, खानदान काय? मग भावालाच विचारलं, "तू कुठल्या आळीचा?" भावानं सांगितलं. फाटक उघडलं नाही. म्हणाला, "कुत्री आणून दाखव. रक्त चांगलं असलं तर बघू. पिल्लातलं पहिलं मी उचलणार."

चुलती म्हणाली, "आरं, कुत्रीला आत घ्यायला तयार हाय त्यो. तिला घिऊन जाणाऱ्याला न्हाई."

दोस्तहो, या एका वाक्यात सगळं आलं. पण आपला भाऊ त्यातून काय शिकला? तो म्हणतो, एकदा कागदवाली पिल्लं झाली की माझ्याकडंही लोक विचारत येतील. म्हणजे फाटक मोडायचं नाही, आपलंही एक छोटं फाटक बांधायचं!

आपली भाषाच बघा. कुत्रा घेतला म्हटलं की पहिला सवाल : कुठल्या जातीचा? विकत घेतलेला तो जातिवंत. रस्त्यावरचा तो गावठी. जातिवंताला नाव, पट्टा, डॉक्टर. गावठीला दगड. जातिवंताची वंशावळ कागदावर. गावठीचा बाप कोण हे विचारून चारचौघांत हसायचं. हे शब्द कुठल्या कारखान्यात तयार झाले ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं हेच त्याचं धन असावं, असं लिहून ठेवलंय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी जी पोथी जाळली, तीच ही. त्याच वर्षी मार्चमध्ये ज्या चवदार तळ्यावर आपण पाण्यासाठी गेलो, तिथं कुत्र्या-मांजराला पाणी पिता येत होतं, आपल्याला नव्हतं. त्यात कुत्र्याचा गुन्हा नव्हता. तहान लागली, तो प्याला. गुन्हा काठी घेऊन काठावर उभ्या असलेल्यांचा होता.

आणखी एक ऐका. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याला इंग्रजीत जुनं नाव काय? पराया डॉग. हा पराया म्हणजे परका नव्हे. तमिळ मुलखात परैयर म्हणून आपल्यासारखीच गावकुसाबाहेर टाकलेली जात. परै नावाचं वाद्य वाजवणारे, जशी आपल्याकडं हलगी. साहेबानं त्या जातीचं नाव उचललं, सगळ्या बहिष्कृतांना चिकटवलं आणि मग रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तेच. म्हणजे आपण गावठी कुत्र्याला नाक मुरडतो तेव्हा नाव कुणाचं घेऊन मुरडतो, याचा जरा विचार करा.

हे शुद्ध रक्ताचं खूळ काही आभाळातून पडलेलं नाही. कुत्र्यांचा पहिला मोठा शो भरला १८५९ साली, इंग्लंडात न्यूकॅसलला. १८७३ ला लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. मग वह्या उघडल्या : कुणाचा बाप कोण, कुणाची नोंद घ्यायची, कुणाला बाहेर ठेवायचं. वहीबाहेर सोयरीक नाही. ओळखीचं वाटतं ना? परिणाम काय झाला तेही बघा. नाक दिसायला चपटं हवं म्हणून पग नावाचं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या असं घडवलं की त्याला धड श्वास घेता येत नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत ते पोरामागं पळताना दिसलं आणि आपल्या उकाड्यात घरोघरी पग आले, धापा टाकत. वंशशुद्धीसाठी जात टिकवायची हा दावा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन'मध्ये माणसांच्या बाबतीत खोडून काढला. कुत्र्यांच्या बाबतीत तो दावा आपल्या घरात कशाला आणायचा?

यावर भावाचं उत्तर तयार होतं. "दादा, कारवान विलायती नाही. आपल्या मातीचा आहे. तो टिकवायला नको?"

हा सवाल खरा आहे, टाळणार नाही. कारवान हा दख्खनचा कुत्रा. कोरड्या रानाचा, कमी खाणारा, उन्हात टिकणारा. सरकारनं २००५ साली चार देशी कुत्र्यांची पोस्टाची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. तो मुधोळ हाउंड म्हणजे हाच कारवान. एक क्लब त्याला कारवान म्हणतो, दुसरा मुधोळ. यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. ज्यांच्या तांड्यांबरोबर आणि मेंढरांबरोबर हा कुत्रा दख्खनभर फिरला, ज्यांनी त्याला अर्धी भाकरी घातली, त्यांचं नाव तिकिटावर नाही. राजवाड्याचं आहे. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचं.

आणि टिकवायचं कुणी? मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथं नोंदी, डॉक्टर, जागा आहे. भावाच्या पत्र्याच्या खोलीत सहा पिल्लं झाली म्हणून जात टिकत नाही. शिवाय कारवानाची पिल्लं घेणारे कोण? काहीजण सशामागं सोडायला घेतात. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पकडला जाईल तो बागायतदार नव्हे, कुत्रं धरणारा आपला पोरगा. आपल्याच तालुक्यात सुप्याला चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्या रानाच्या कडेला कुत्र्यांची गर्दी वाढवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता पैशाचं बोलू. कारण भूक खरी आहे, आणि पोट भरलेल्यांनी उपदेश करावा तसा मला करायचा नाही.

भावाला म्हटलं, बस, हिशेब मांडू. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवस गाभण. गाभणपणी तिला जास्त खायला. विताना अडली तर बारामतीला डॉक्टर, रात्री गेलं तर गाडीभाडं. पिल्लांचे डोळे दहा-पंधरा दिवसांनी उघडतात, दोन महिने आईपाशी राहावी लागतात. जंताचं औषध, लसी. पार्वो आला तर तीन दिवसांत अख्खं वेत साफ, हगवण आणि रक्त. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. कुत्री अठरा महिन्यांच्या आत भरवायची नाही. वर्षात एकच वेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणी तू करणार? मोठ्याला कुणी विचारत नाही, तुला विचारतील.

त्यात पहिलं पिल्लू नरवाल्याचं. राहिली पाच. त्यात माद्या किती? भाऊ गप्प बसला. चुलतीच बोलली, "माद्या कोण घेतंय? पुलाखाली सोडत्यात."

कालव्याच्या पुलाखाली मी सकाळीच जाऊन आलो होतो. चार पिल्लं होती. पोतं टाकलेलं. तीन माद्या, एक लंगडा नर. एका मादीचं तोंड लांबट. कुणाच्या तरी जातिवंत कुत्रीचं हे रक्त, दोस्तहो. मादी निघाली म्हणून गावठी झालं.

एक गैरसमज गावात पक्का आहे : कुत्रीला एकदा तरी वेत होऊ द्यावं, नाहीतर ती आजारी पडते. खोटं आहे. उलट नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या पिशवीत वय वाढलं की पू होण्याची भीती असते आणि त्यात ती मरते. नसबंदी केली की तो धोका जातो. हे मला पुस्तकानं नाही, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तिथं आमच्या शेडमधली कुत्री घेऊन गेलो होतो तेव्हा.

ती गोदीतली. रात्रपाळीला आमच्या टोळीबरोबर बसायची. तीन वेतं मी डोळ्यानं बघितली. पंधरा-सोळा पिल्लं. ट्रकखाली किती गेली, पाण्यात किती गेली. एकही वर्षाचं झालं नाही. चौथ्या वेळी आम्ही पाचजणांनी वर्गणी काढली, टेम्पोत घातली आणि नेली. आता तिच्या कानाला खाच आहे. खाच म्हणजे नसबंदी झाली, लस झाली. तिचं शेवटचं पिल्लू शिवडीला माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत आहे. त्याचा बाप कोण, मला माहीत नाही आणि त्यालाही काही अडत नाही.

म्हणून दत्तक घ्या म्हणतो. पण उंच इमारतीतल्या बाया-बाप्यांसारखं नाही. ते रात्री गाडीतून येतात, आमच्या वस्तीच्या तोंडाला बिस्किटं टाकतात, फोटो काढतात, जातात. चावतं कुणाला? पहाटे झाडू मारायला निघालेल्या आईला. रात्रपाळीहून येणाऱ्या कामगाराला. उघड्यावर बसलेल्या पोराला. जगात रेबीजनं जी माणसं मरतात, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. ही माणसं कुठल्या वस्तीतली असतील, सांगा.

सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला बदललं : नसबंदी करा, लस द्या, जिथून उचलली तिथं सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं कुत्र्यांपासून मोकळी करायला सांगितलं. टीव्हीवर दोन टोळ्या भांडतात : एक म्हणते मारा, दुसरी म्हणते खाऊ घाला. दुकानात पिल्लं विकणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. हौस फिटली की जातिवंत कुत्रं पुलाखाली सोडणाऱ्याचं तर नाहीच. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्यावरून पारश्यांनी दंगल केली होती. म्हणजे मारणं आणि खाऊ घालणं हे भांडण दोनशे वर्षांचं आहे. दोन्हीनं कुत्री कमी झाली नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. पाळायचं नसेल तर पाळू नका, कुणी सक्ती केली नाही. पाळायचं असेल तर रस्त्यावरचं एक उचला, जंताचं औषध द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, वर्षाच्या आत नसबंदी करा, पोराबाळांना दगड मारायचं नाही हे शिकवा. कुत्रं चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि मिरची-हळद लावत न बसता सरकारी दवाखान्यात जाऊन सगळी इंजेक्शनं घ्या. हे न करता नुसतं दत्तक घेतलं, तर तेही थोतांडच. आणि घरात चांगल्या रक्ताची कुत्री असली तरी तिची पिल्लं बाजारात उभी करू नका.

मी हे भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो चिडला. "तू मुंबईत राहून कविता लिही. मला मोटरसायकलचा हप्ता भरायचाय." बरोबर आहे त्याचं. हप्ता कवितेनं भरत नाही. मी त्याला म्हटलं, हप्त्याचे दोन महिने माझ्याकडं लागले. पैसे दिलेत. उसनेच, नाहीतर तो घेतला नसता.

निघताना चुलती एसटीपर्यंत आली. हातात पिशवी, पिशवीत लांबट तोंडाची ती पुलाखालची मादी. म्हणाली, "थंडीनं मरल म्हून आणली. त्येला सांगू नगंस, मी बघती."

पुढच्या माजाला अजून चार महिने आहेत.