फाटका आवाज आणि सुका डाग

लग्नसराई आली की आपल्या धाराशिवकडची बेंजोवाली पोरं सुपाऱ्या घेऊ लागतात. आमच्या पुतण्याने बेंजोला फाटका, धारदार आवाज यावा म्हणून गिटारवाल्यांची ‘फझ’ची डबी घरीच जोडली. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन बटणं आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढाच तिचा संसार. तारेचा आवाज आत इतका वाढवायचा की लाटेचे माथे छाटले जावेत. गंमत अशी, की १९६१ सालच्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका अमेरिकन गाण्यात हा आवाज यंत्र बिघडल्यामुळे आला, अन् लोकांना आवडला!

पण आमची डबी मुकीच. वरात दुसऱ्या दिवशी. पोरगं ट्रान्झिस्टर उपटायला निघालं. म्हटलं, थांब बाबा. बेंजो सरळ अँप्लिफायरला लावला, तर वाजला. म्हणजे दोष डबीत. मग मीटर लावला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. दिसले पूर्ण नऊ. म्हणजे त्यातून वीज वाहतच नव्हती. एमिटरच्या पायाचा डाग मळकट, दाणेदार होता. पाय खरवडून, तापवून नवा डाग दिला. डबी बोलू लागली.

तरी मागे गुणगुण होतीच. पत्र्याची डबी अर्थच्या तारेला जोडल्यावर ती बसली.

तालीम घरच्या विजेवर चालते आणि पोरांची बोटं पोलादी तारांवर असतात, म्हणून अँप्लिफायरची पिनही पाहिली. अर्थची तिसरी पिन कुणीतरी मोडून टाकलेली! डबी राहिली बाजूला, आधी ती बदलायला लावली.