बाक मोडीत काढण्याआधी

एप्रिल संपत आला की राज्यातल्या अनेक शाळांत आवराआवर सुरू होते. कुठे नवे फर्निचर येणार असते, कुठे रंगरंगोटी असते, कुठे जुनी खोली पाडून नवी बांधायची असते. मग जुने लाकडी बाक व्हरांड्याच्या टोकाला एकावर एक रचले जातात. एकाचा पाय डुगडुगतो, एकाची फळी उचकटलेली असते, एकाचा खिळा वर आलेला असतो. त्यावर पावसाळा जातो, लाकूड ओल धरते, खालून वाळवी चढते आणि वर्षभराने ते बाक खरोखरच निकामी होतात. जडसंग्रह नोंदवहीत त्यांच्यापुढे शेरा पडतो, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि सागाचे, शिसवीचे, बाभळीचे लाकूड सरपणाच्या भावाने उचलले जाते.

त्याच सुमारास अंगणातल्या झाडावरही गदा येते. पटांगण 'स्वच्छ आणि सुंदर' दिसावे म्हणून पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडवले जातात. कचरा होतो म्हणून चिंच छाटली जाते, कुंपणाच्या आड येते म्हणून कडुनिंब जातो. वर्गातले लाकूड आणि अंगणातले झाड, दोन्ही एकाच सुट्टीत शाळेबाहेर जातात आणि जूनमध्ये मुले परततात ती चकचकीत पण तापलेल्या शाळेत.

हे थांबवता येते. त्यासाठी मोठी योजना लागत नाही की मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळेवर केलेला एक ठराव, एक सुतार आणि सुट्टीतले काही दिवस. म्हणून पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, आपणा सर्वांना हे आवाहन आहे.

आपण काय गमावतो आहोत ते आधी नीट पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग इमारती लाकडासाठी तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षे घेतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी बल्लारपूरच्या आगारातून जे लाकूड गेले, त्याच जातीचे लाकूड आपल्या कितीतरी जुन्या शाळांच्या व्हरांड्यात पाऊस झेलत पडले आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ती लागते ती बाहेरच्या पांढुरक्या भागाला किंवा सतत ओलीत राहिलेल्या पायाला. म्हणजे कुजलेला दिसणारा बाक बहुधा तळाशी चार-सहा बोटेच कुजलेला असतो. वरचे सारे लाकूड शाबूत असते.

बाक मोडतात कसे, हे कोणत्याही सुताराला विचारा. लाकूड क्वचितच तुटते, सांधा सुटतो. वर्षानुवर्षे मुले बाक ओढतात, त्यावर उभी राहतात, मागे रेलतात. खाचेत बसवलेला भाग हळूहळू सैल होतो, डिंक सुकून भुगा होतो. मग कोणीतरी वरून खिळा ठोकतो, त्या खिळ्याने लाकूड चिरते आणि बाक 'गेला' असे आपण म्हणतो. खरा उपाय सोपा आहे. सांधा पूर्ण उघडायचा, जुना डिंक खरवडायचा, नवा लावायचा आणि शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवायचा. कुजलेला पाय खालून कापून तिथे नवा तुकडा जोडायचा. कुशल सुतार एका दिवसात असे कितीतरी बाक उभे करतो.

आता त्याच्या जागी काय येते ते पाहू. स्वस्त निविदेतून येणाऱ्या फर्निचरमध्ये भुसा आणि डिंक दाबून केलेले बोर्ड असतात, वर चकचकीत लॅमिनेट असते. कडेचा पट्टा निघाला की आत पाणी शिरते, बोर्ड फुगतो, स्क्रू एकदा निसटला की तिथे पुन्हा धरत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हे फर्निचर किती टिकेल, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. अशा अनेक बोर्डांच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते. नवे फर्निचर आल्यावर बंद वर्गात डोळ्यांना झोंबणाऱ्या वासात त्याचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या रसायनाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. लोखंडी चौकटीचे बाक यापेक्षा बरे, कारण त्यांना वेल्डिंग करता येते. तिथेही पूर्ण बाक भंगारात देण्याऐवजी चौकट ठेवून फक्त फळी बदलावी.

पर्यावरणाचा हिशेबही साधा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग कार्बन असतो. बाकात वीस किलो लाकूड असेल तर त्यात दहा किलो कार्बन बंदिस्त आहे, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला सदतीस किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. बाक चुलीत गेला की तो सगळा एका दिवसात हवेत परततो आणि नवा बाक करताना पुन्हा लाकूड, पोलाद, वीज, डिझेल खर्ची पडते. जगात एक टन पोलाद तयार होताना सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 'हरित शाळा' असा फलक लावण्याआधी हा हिशेब प्रत्येक शाळेने फळ्यावर मांडावा. सातवीच्या मुलांना तो सहज जमेल.

यावर एक आक्षेप मी मनापासून मान्य करतो. शहरातल्या महागड्या शाळेत नवे कोरे फर्निचर आणि गावच्या मुलाला मात्र जुने, हे का? गरिबाच्या लेकराने कायम उरलेल्यावरच का भागवायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून दुरुस्तीची अट कडक हवी. दुरुस्त झालेला बाक निविदेतल्या नव्या बाकापेक्षा चांगला असला पाहिजे. तो डुगडुगता कामा नये, त्याची कड बोचता कामा नये आणि तो मुलाच्या मापाचा असला पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. पहिलीच्या आणि सातवीच्या वर्गात आज एकाच उंचीचे बाक दिसतात. लहान मुलांचे पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, लिहिताना खांदे वर चढतात. बसल्यावर तळवे जमिनीवर टेकावेत आणि कोपर फळीच्या पातळीला यावे, हे माप कोणत्याही पालकाला घरी तपासता येईल. लाकडी बाकाचे पाय कापून तो लहान वर्गासाठी बसका करता येतो. दुरुस्ती म्हणजे मुलांना पहिल्यांदाच त्यांच्या मापाची बैठक देण्याची संधी आहे. या अटींत जो बाक बसत नाही, तो खुशाल बाद करा. आणि जिथे मुले आजही फरशीवर बसतात, तिथे नवे फर्निचर मागाच. तो त्यांचा हक्क आहे.

अंगणातल्या झाडाचे मोल उन्हाळ्यात कळते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. पत्र्याच्या छपराखाली दुपारी वर्ग घेणे किती अवघड असते, हे तिथल्या शिक्षकांना विचारावे. झाड सावली तर देतेच, शिवाय पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून भोवतालची हवा थंड करते. ते काम पेव्हर ब्लॉक करत नाहीत, उलट दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत उष्णता ओकत राहतात. बुंध्याशी सिमेंट भिडले की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, झाड आतून खंगते आणि एखाद्या वादळात पडते. मग ते 'धोकादायक' होते म्हणून सगळेच तोडा, असा धोशा सुरू होतो. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढी मोकळी माती आपल्या शाळेतल्या झाडांनाही हवी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग अशी झाडे आहेत. ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी भागात १९७५ चा वृक्ष जतन कायदा लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारशाचा दर्जा मिळाला आहे. आपल्या शाळेतला वड कधी लावला, हे गावातल्या सर्वांत वयस्क माजी विद्यार्थ्याला विचारून लिहून ठेवा. उद्या कुऱ्हाड आली तर तोच कागद कामी येईल.

जवळच्या साधनांतून आणि हातांच्या कामातून शाळा घडवणे महाराष्ट्राला परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. परदेशी महाग साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी बालशिक्षण उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नव्हते, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. वर्ध्याला १९३७ च्या शिक्षण परिषदेत हातांच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो विचार आजच्या साधनांसह पुढे नेला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय अनेक शाळांत मुले शिकतात आणि त्यात लाकूडकाम, वेल्डिंग, बांधकाम, शेती हाताने करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचवला आहे. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे त्यात म्हटले आहे आणि उदाहरणादाखल घेतलेल्या नावांत सुतार आणि माळी आहेत. आपल्या शाळेला नेमकी हीच दोन माणसे हवी आहेत.

गावच्या सुतारालाही हे काम हवे आहे. बलुतेदारीतला हा कारागीर आज तयार दारांच्या आणि मोल्डेड खुर्च्यांच्या बाजारात मागे पडला आहे. त्याचा रंधा, त्याची पटाशी, सांध्याचे त्याचे ज्ञान शाळेत आले, तर मुलांना कळेल की हाताने नीट केलेली वस्तू पिढ्यानपिढ्या टिकते. त्याला पूर्ण मजुरी द्या. हे काम फुकट करून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पहिले काम मोजणीचे. मुख्याध्यापक, दोन पालक आणि सुतार यांनी प्रत्येक बाक पाहावा. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून बघावे. सहज आत घुसले तर तिथले लाकूड गेले, टणक लागले तर ते वाचले. खडूने तीन खुणा कराव्यात: लगेच वापरता येणारा, दुरुस्त होणारा आणि फक्त फळ्यांपुरता उरलेला. तिसऱ्या गटातल्या चांगल्या फळ्या झाडाखालच्या बैठकीसाठी ठेवा. चिंचेखाली एक वर्ग भरू शकेल एवढी बैठक त्यातून होते. तोवर सगळे बाक छपराखाली, विटांवर, जमिनीपासून उचलून ठेवा.

दुसरे, मुलांच्या हातात काय द्यायचे आणि काय नाही, हे ठरवा. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग मुलांनी घासायचा नाही आणि मोठ्यांनीही कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, मास्क लावून, शाळा रिकामी असताना खरवडायचा आणि तो कचरा गोळा करून दूर ठेवायचा. मुलांनी मापे घ्यावीत, नोंदी कराव्यात, उघड्या लाकडाला शिक्षकांच्या देखरेखीत जवसाचे तेल लावावे. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, मोकळी वाळवा, नाहीतर ती आपोआप पेटू शकतात.

तिसरे, पैसा. समग्र शिक्षा योजनेतून येणाऱ्या शाळा अनुदानातून नादुरुस्त साहित्यावर खर्च करता येतो. लहान पटाच्या शाळेत ते अनुदान तुटपुंजे असते हे खरे, म्हणून ग्रामपंचायत आणि माजी विद्यार्थी यांची साथ हवी. पुण्या-मुंबईत, परदेशात स्थिरावलेल्या आणि दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा भरवणाऱ्या मित्रांनो, शाळेला नव्या खुर्च्या भेट देण्याआधी एकदा मुख्याध्यापकांना विचारा की जुन्या बाकांच्या दुरुस्तीला किती लागतील. तुम्ही ज्या बाकावर बसलात, तो कदाचित अजून व्हरांड्यात उभा असेल.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, निर्णय. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. निर्लेखनाचा प्रस्ताव वर जाण्याआधी या समितीने प्रश्न विचारला तर बाक वाचतात. ती गप्प बसली तर ट्रक येतो. शाळेतल्या आईवडिलांनो, बैठकीच्या वहीवर सही करून उठू नका. बाक दाखवा म्हणा, झाडाचे काय ठरले ते विचारा.

सुट्टी लागण्याआधीच्या बैठकीत हा ठराव मांडा, मंजूर करून घ्या आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना द्या: 'आमच्या शाळेतला कोणताही लाकडी बाक सुताराने तपासून लेखी अभिप्राय दिल्याशिवाय निर्लेखित होणार नाही. दुरुस्त होणारे बाक शाळा उघडण्यापूर्वी मुलांच्या मापाने दुरुस्त केले जातील. आवारातल्या प्रत्येक झाडाभोवती एक मीटर माती मोकळी राहील आणि समितीच्या ठरावाशिवाय एकही झाड तोडले जाणार नाही. या कामाचा खर्च शाळा विकास आराखड्यात धरला जाईल.'