लघुलेखनाची विद्या आपल्या घरात आणा

कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले हे न कळल्याने आपल्या वाडवडिलांची कशी नागवण झाली, ते जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले. आज कोर्टकचेऱ्यांत साहेबांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घेण्यास लघुलेखक लागतो. ती जागा आपल्या मुलामुलींनी का मिळवू नये?

पिटमनसाहेबांनी १८३७ साली काढलेली लघुलिपी उच्चारावर चालते. तिला जात ठाऊक नाही. मराठीतही लघुलेखन आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेस बारावी पास व मिनिटास ८० शब्दांचा वेग लागतो. वरच्या श्रेणीस १००. हा वेग वशिल्याने येत नाही. रोज तासभर कान व हात झिजवावे लागतात. भाषा कच्ची असेल, तर टिपलेले उतरवून काढताना फजिती ठरलेलीच.

जागा थोड्या आहेत, बोललेले टिपणारी यंत्रेही आली आहेत. सबब जमीन गहाण टाकून कोणी यामागे लागू नये. मात्र लग्नातील वाजंत्रीचा खर्च वाचवून पोरांस ही विद्या जरूर द्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वही-पेन्सिलीचे हे भांडवल कोणा सावकारास जप्त करता येत नाही.