मिश्रधातूचे हक्क कोणाला?

इंजिनाच्या बेअरिंगसाठी सरकारी प्रयोगशाळेत नवा मिश्रधातू तयार झाला, तर तो बनविण्याचे हक्क कोणाला मिळणार? १९५३ साली स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ असे हक्क शुल्क घेऊन उद्योगांना देते. संशोधनाचा पैसा जनतेचा. मग शिरोली एमआयडीसीत भट्टीपुढे राबणारा आमचा तरुण मजूरच का राहावा?

नुसत्या परवान्याने भागणार नाही. राजर्षी शाहूंनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा प्यायले. भांडवलाबरोबर गिऱ्हाईकही दिले! २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा आहे. उत्पादन-हक्कांतही वाटा राखा, शुल्क माफ करा आणि तयार माल रेल्वेने घ्यावा, ही आमची मागणी आहे.