ड्राय डे, तरीही झिंग

सकाळी साडेनऊला मी चटणीसाठी मिक्सर लावला आणि आतल्या खोलीतून एक उशी सणसणत आली. माझी रूममेट नर्स आहे. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करून ती जेमतेम आडवी झाली होती. सॉरी म्हटलं, पण मनात आलंच, दिवसभर लोळायला मिळतं, मजा आहे बाईची!

कसली मजा? कचऱ्याची गाडी, कुरिअर, आईचा फोन, खालच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग. त्यातून चार तास झोप मिळाली तरी लॉटरी. शिवाय मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. ती ड्युटी संपवून उन्हात आली की ते म्हणतं, उठा, सकाळ झाली! जरा रात्रीला सरावतंय, तोच नवी ड्युटी लिस्ट लागते : मॉर्निंग.

मागच्या महिन्यात घरी येताना सिग्नलला तिला स्कूटीवरच डुलकी लागली. पडली, गुडघा फुटला.

"अगं, रिक्षाने येत जा ना!"

"रोजचे दीडशे तू देणारेस?"

मी गप्प. मग वाचायला बसले आणि हादरलेच. सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३! दुपारी एकला उठलेली ही बया पहाटे सहाला, म्हणजे ऐन इंजेक्शनच्या राऊंडला, १७ तास जागी असते. म्हणून प्रत्येक डोस दोनदा वाचते, मग दुसऱ्या सिस्टरला वाचायला लावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तसंच ठेवलं. हे तिला सांगावं की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले. तिला माहीत होतं.

सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीराला त्यातल्या त्यात झेपतात. तिच्या वॉर्डात नेमकं उलटं. तिने अर्ज दिला. मेट्रन म्हणाल्या, "आम्ही नाही का केल्या नाईट?"

तिने दुसरा अर्ज लिहिलाय, या वेळी सहा सह्यांचा. तोवर आमच्या खिडक्यांना काळा चार्टपेपर, बेलची वायर काढलेली, आणि चटणी मी संध्याकाळी वाटते. कुरिअरवाले दादा, प्लीज मोबाईलवर कॉल करा. माझ्या.